मैनाच्या घरचं पाणी

"घरात शिरायची घाई करू नकोस. अंगणात उभी राहा आणि आधी पाणी माग. पवित्र शास्त्र मागाहून. प्रभू येशूनं विहिरीवर त्या परजातीच्या बाईला आधी काही शिकवलं नाही, पाणी मागितलं. आपण मागणारे आहोत हे त्यांना आधी कळू दे."

गोदूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण होडीत पाय टाकताना सगुणाबाईला त्यांचा हा आवाज अजून ऐकू यायचा. गोदूबाई म्हणजे मिशनच्या जुन्या बायबलबाई. गावोगाव चालत जायचं, बायांमध्ये बसायचं, गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर उशाशी थांबायचं, हे बायबलबाईचं काम. सगुणाबाई मूळची रोह्याच्या महारवाड्यातली. ऐन उमेदीत विधवा होऊन मिशनच्या आसऱ्याला आली, तेव्हा गोदूबाईंनीच तिला हाताशी धरून हे काम शिकवलं. पुढे त्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी तिच्याकडून एकच गोष्ट वदवून घेतली होती. "ज्या घरचं पाणी प्यालीस ते घर आपण होऊन सोडू नकोस. त्यांनी नको म्हटलं तर गोष्ट वेगळी."

"नाही सोडणार," असं सगुणाबाईनं म्हटलं होतं. तेव्हा तिचे गुडघे चांगले होते.

आता धरमतरच्या बंदराजवळ मिशनची शाळा होती, तिच्या मागच्या खोलीत ती राहायची. पहाटे उठून अंधारातच एक स्तोत्र म्हणायची. भात वैरण्याआधी मूठभर तांदूळ देवाच्या नावानं मडक्यात टाकायची. शुक्रवारी दुपारपर्यंत तोंडात काही घालायची नाही. हे तिचे नेम कुणाला सांगण्यासारखे मोठे नव्हते, आणि तिनं ते कुणाला सांगितलेही नव्हते. पण अलीकडे अंथरुणातून उठून गुडघे टेकायचे म्हणजे भिंतीला हात लावूनच. प्रार्थनेत शब्द यायचे, त्यांच्यामागून मन यायचं नाही. ती तशीच बसून राहायची. देवाला हे कळत असेल, असं म्हणायची आणि चूल पेटवायची.

गुरुवार हा भालखारचा दिवस. खाडीच्या पलीकडे, मिठागरांच्या मधोमध, बांधावर बसलेलं आगऱ्यांचं गाव. चहूकडे पाणी, पण सगळं खारं. गोड्या पाण्याची विहीर लांब, टेकडीच्या पायथ्याला. बाया डोक्यावर हंडे घेऊन बांधाबांधानं येत. म्हणून तिथं आल्यागेल्याला पाणी विचारणं हाच मान, आणि पुढे केलेलं पाणी नाकारणं म्हणजे घरावरून तोंड फिरवणं.

त्या गावात पहिलं पाणी दिलं ते मैनानं. गोदूबाईंबरोबर सगुणाबाई पहिल्यांदा गेली तेव्हा सगळ्या दारांतून "पुढं जा" ऐकून झालं होतं. मैना नवी सून होती. सासू मिठागरावर गेलेली. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि कळशी घेऊन ओटीवर आली. वरून धार धरली, खाली या दोघींनी उकिडवं बसून ओंजळ तोंडाशी लावली. निम्मं पाणी पोटात, निम्मं कोपरावरून ओघळून चोळीच्या बाहीत. त्यानंतर मैनाची सासू गेली, मैना स्वतः सासू झाली, घरात रंगू नावाची सून आली, पण पाणी देण्याची ती रीत तशीच राहिली. सगुणाबाई अंगणात भेंडीच्या झाडाच्या सावलीला बसायची, मैना ओटीवर जवळा निवडायची. एक गोष्ट, एखादं गाणं, मग गावातल्या गप्पा. शेजारच्या दोघीतिघी कुडाआडून ऐकायच्या आणि न ऐकल्याचं दाखवायच्या.

"तुजा येसू रोज चालतच फिरायचा कं?" मैनानं एकदा विचारलं होतं.

"बहुतेक चालत. कधी होडीनं."

"मग त्याचं पन गुडघं दुखत असतील." असं म्हणून मैना हसली होती. सगुणाबाईला ते इतकं बरं वाटलं की त्या दिवशी पुढची गोष्ट सांगायची राहूनच गेली.

दोन पावसाळ्यांपूर्वी मैनाचा धाकटा लेक तापानं गेला. सगुणाबाईला कळलं तशी ती वार न पाहता गेली आणि दिवसभर अंगणात बसून राहिली. शास्त्राची पिशवी तिनं उघडली नाही. संध्याकाळी मैना ओटीवरून उतरून तिच्या शेजारी, अगदी पदराला पदर लागेल अशी येऊन बसली. "तू काय बोलली नाय, ते बरा केलास," एवढंच म्हणाली.

एवढ्या वर्षांच्या कामाचं सांगण्यासारखं काय, तर हे.

दत्तात्रेय पाळक अलिबागच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू म्हणून, नवे आले, तेव्हा हे त्यांना कसं सांगावं ते सगुणाबाईला कळेना. पुण्याला शिकलेला तरुण माणूस. मनाचा सरळ, कामाला वाघ, सायकलवरून सगळा तालुका पालथा घालणारा. बायबलबाया कुठे जातात, काय करतात हे पाहावं म्हणून एका गुरुवारी ते तिच्याबरोबर भालखारला आले. मैनानं त्यांनाही वरूनच धार धरली. त्यांनी हात पुढे केले नाहीत. "तहान नाही," म्हणाले.

परतताना होडीत ते तिच्या समोर बसले. होडी करमअलीची. हा म्हातारा नावाडी खाडीच्या दोन्ही काठांची खबर ठेवून असायचा.

"मावशी," पाळक म्हणाले, "हे असं किती वर्षं चाललंय?"

"पहिल्यापासून."

"आणि तुम्ही पिता."

"तहान लागते, साहेब."

सुकाणूपाशी करमअली खोकल्यासारखं हसला.

"महाडच्या तळ्यावर आपल्याच लोकांनी जाऊन पाणी पिऊन दाखवलं. मार खाल्ला त्यासाठी. आणि आपण, प्रभूनं ज्यांना लेकरं म्हटलं ते, इथं ओंजळ धरून बसायचं? असं पाणी पिऊन आपण त्यांना कसली सुवार्ता सांगतो? की तुम्ही वर बसा आणि आम्ही खालीच बरे?"

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. लहानपणी रोह्याच्या विहिरीच्या कडेला रिकामी घागर घेऊन कुणीतरी पाणी घालेल म्हणून सगुणाबाई उन्हात उभी राहिली होती, ती उन्हं अजून तिच्या टाळूत होती. पाळकसाहेबांनी ते नेमकं बोट ठेवून दाखवलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते पितळेचा फिरकीचा तांब्या घेऊन आले. "माझ्या आईचा आहे. तुम्ही वापरा. आपलं पाणी आपल्याबरोबर. यापुढे आपली एकही बायबलबाई ओंजळीनं पाणी पिणार नाही." सगुणाबाईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. ओल्या बाहीनं परत यायचाही कंटाळा आला होता.

शिमगा नुकताच झाला होता. मिठागरं पांढरीफटक पडली होती, त्यावरून येणारा उजेड डोळ्यांत खुपत होता. भेंडीखाली टेकताच तिनं तांब्याची फिरकी काढली आणि घटाघटा पाणी प्यायली. कोरड्या बाहीनं तोंड पुसलं. वर पाहिलं तर मैना दारात उभी होती. एक हात पदराखाली.

"आज तान नाय कं लागली?"

"आणलंय गो पाणी सोबत. तुला कशाला त्रास? एवढ्या लांबून हंडे आणता."

ती हे मायेनंच म्हणाली होती. मैना थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. "व्हय," म्हणाली आणि आत गेली. घरामागून जमिनीवर पाणी फेकल्याचा आवाज आला. कुडापलीकडे कुणीतरी हसलं. मैना बाहेर आली ती जवळ्याचं सूप घेऊन, आणि मान वर न करता निवडत बसली. गोष्ट झाली, गाणं झालं, मैनानं हूं की चूं केलं नाही.

खाऱ्या जमिनीच्या या खारेपाटात गोडं पाणी असं कुणी फेकून देत नाही. हे सगुणाबाईच्या लक्षात यायला हवं होतं. पण ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला स्वतःच्या सुखापलीकडचं दिसत नाही.

पुढच्या गुरुवारी मैना म्हणाली, "आज काम हाय, बाय." त्याच्या पुढच्या वेळी रंगूनं दारातूनच सांगितलं, सासू मिठागरावर गेली. ओटीवर मैनाच्या वहाणा होत्या. सगुणाबाई भेंडीखाली थोडी टेकली, तांब्यातलं कोमट पाणी प्यायली आणि परतली.

अशातच दत्तात्रेय पाळक शाळेत आले. सायकल भिंतीला लावली, टोपी काढून मांडीवर ठेवली. तेही थकलेले दिसत होते.

"मावशी, अलिबागला सभा झाली. मिशनला माणसं कमी करायला लागताहेत. जिथं फळ दिसत नाही ती ठाणी बंद करायची असं ठरलं."

"भालखार," सगुणाबाई म्हणाली.

"भालखार. एवढ्या वर्षांत एक बाप्तिस्मा नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. पण तिकडे नागोठण्यापलीकडे, पालीच्या वाटेवर, एक अख्खा वाडा मंडळीत यायला तयार आहे. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळे. पुरुषांना मी शिकवीन. बायांना कोण शिकवणार? तिथं तहानलेली माणसं आहेत, मावशी. आणि तुम्ही इथं बंद दारासमोर बसता."

तो वाडा खरा होता, त्यातल्या बाया खऱ्या होत्या, आणि दार बंद होतं हेही खरं. "जाते," ती म्हणाली. होडी नाही, बांधावरचं ऊन नाही, मैनाचं ते तुटक बोलणं नाही, या विचारानं तिला आतून सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लगेच लाजही वाटली. मैनानं नकोच म्हटलंय, मग मी माझा शब्द मोडला असं कुठं होतं? असं तिनं स्वतःला दोनदा समजावलं. जी गोष्ट दोनदा समजवावी लागते तिच्यात काहीतरी अडकलेलं असतं, हे तिला कळत होतं.

निरोप तरी घ्यावा म्हणून ती शेवटची भालखारला गेली. दार पुढे लोटलेलं होतं. तिनं हाक मारली. आत भांडं वाजलं, मग तेही थांबलं. "मैना, माझी बदली झालीय गो. पालीकडे," तिनं दाराला सांगितलं, आणि बांधावरून परत फिरली.

होडीत बसल्यावर तिनं तांब्या उघडला. करमअली तिच्याकडे पाहत होता.

"बाई, एक बोलू? रागावू नका."

"बोला, चाचा."

"तो तांब्या तुम्ही पहिल्यांदा नेलात ना, त्या दिवशी त्या मैनानं तुमच्यासाठी पेला काढला होता. घरातला. तिचा नवरा ज्यानं पाणी पितो तो. भरून हातात घेऊन आली होती, तुमच्या हातात द्यायला. तुम्ही आपल्या तांब्याला तोंड लावून बसलेल्या."

सगुणाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेणच्या बाजाराला बाया माझ्याच होडीनं जातात. मी बहिरा आहे असं समजतात. आदल्या दिवशी विहिरीवर मैना सगळ्यांदेखत बोलून बसली होती, उद्या बायला हातात पाणी देणार म्हणून. बाया म्हणाल्या, बाटशील, भावकी वाळीत टाकील. ती म्हणाली, टाकू देत, माझा पोर गेला तवा भावकी जेवून घरी गेली, ही बसून राहिली. आणि मग तुम्ही…" त्यानं वल्हं उचललं. "आता विहिरीवर तिला रोज ऐकवतात. तू बाटायला निघाली होतीस, तुझ्या बायलाच तुझं पाणी नको झालं."

कुडापलीकडचं ते हसू. पदराखालचा हात. घरामागे फेकलेलं पाणी. सगुणाबाईनं डोळे मिटले. खाडीवरचा वारा तोंडावर येत होता आणि तिला रडावंसंही वाटत नव्हतं, इतकी ती थकून गेली होती. एवढी वर्षं ज्याच्यासाठी ओंजळ धरली ते दारापर्यंत चालत आलं होतं, आणि तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तोबा. तुमच्या धर्माच्या कामात मी कशाला तोंड घालू?" करमअली म्हणाला. मग थोडं थांबून, "मला काय, मला कुणी पाणी विचारतच नाय. मी माझी सुरई घेऊन फिरतो. पण मी कुणाच्या अंगणात बसत नाय."

दत्तात्रेय पाळक तिला नव्या ठिकाणी धाडायला आले, तेव्हा सामान बैलगाडीत चढवून झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. पेल्याचं, विहिरीचं, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. चेहरा मात्र उतरत गेला.

"तांब्या मी दिला होता," ते म्हणाले.

"तुम्ही बरोबरच दिलात. वापरायचा कुठं आणि ठेवायचा कुठं, ते मला कळायला हवं होतं."

"मग आता?"

"त्या वाड्यातल्या बायांना मी शिकवीन. सगळे दिवस तुमचे. गुरुवार तेवढा मला द्या."

"गुरुवार तुमच्या विश्रांतीचा धरलाय, मावशी. तुमचे गुडघे पाहूनच धरलाय."

"म्हणूनच तो माझा आहे. मग तो मी मागत नाही, फक्त सांगते."

पाळकांनी टोपी हातात फिरवली. "आणि तिथं गेल्यावर? पुन्हा खाली बसून ओंजळ धरणार?"

हा प्रश्न सगुणाबाईनं स्वतःला रोज पहाटे विचारला होता, स्तोत्राच्या आधी आणि नंतरही.

"नाही बसणार. तुमचं म्हणणं मी टाकलेलं नाही, साहेब. उभी राहीन आणि पाणी मागेन. तिनं वरून धार धरली तर म्हणेन, मैना, त्या दिवशी देणार होतीस तसं हातात दे. दार उघडलंच नाही तर अंगणातूनच सांगेन की चूक माझी होती. कुडापलीकडच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगेन."

"आणि ती म्हणाली, येऊ नको?"

"मग नाही जाणार. पण ते तिनं म्हणायचं. मी नाही, सभेनं नाही."

"तिथं मंडळी उभी राहील असं वाटतं तुम्हाला?"

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला एका घराचं ठाऊक आहे."

गाडी हलली तेव्हा पाळकांनी मागून हाक मारून सांगितलं, परवाच्या वर्गाला पाट्या पाठवतो. ती त्यांची होकार द्यायची रीत असावी, असं तिनं धरून घेतलं.

नवा वाडा भला होता. बाया संध्याकाळी रानातून येत त्या तशाच मातीच्या पायांनी वर्गाला बसत. पेंगत, पण उठून जात नसत. गाणं एकदा सांगितलं की त्यांना पाठ. लेकरं मांडीवर चढत. सगुणाबाईला त्यांचा लळा लागायला वेळ लागला नाही, आणि त्यातही एक दुखणं होतं, की इथं पाणी न मागता मिळत होतं. प्रत्येक दारात कुणीतरी पेला घेऊन उभं. रात्री गुडघ्यांना तेल लावताना तिला वाटायचं, इथंच राहावं, कुणी नाव ठेवणार नाही.

करमअली मीठ घेऊन खाडीनं वर नागोठण्याच्या बंदरापर्यंत चढायचा. गुरुवारी ओहोटी लागली की खाली उतरतो, कधी पहाटे, कधी उन्हं चढल्यावर, तुम्ही आपल्या येऊन बसा, असा त्यानं निरोप धाडला होता.

त्या गुरुवारी ती भिंत धरून उठली. गुडघे टेकले. शब्द आले, मन काही आलं नाही. तिनं वाट पाहिली नाही, आमेन म्हटलं. मूठभर तांदूळ मडक्यात टाकले. शेजारणीनं दारातून विचारलं, "आज तर सुटी ना, बाई? मग निघालात कुठं?"

"एका घरी जायचंय. पाणी प्यायला."

"पाणी प्यायला? इथं काय दुष्काळ पडलाय?" शेजारीण हसली.

सगुणाबाईही थोडं हसली. शास्त्राची पिशवी खांद्याला लावली. फळीवर पाळकसाहेबांच्या आईचा तांब्या होता, तिनं तो चिंचेनं घासून लख्ख केला होता. ती त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग तो उपडा घालून परत फळीवर ठेवला, पदर डोक्यावरून घेतला, आणि कोरड्या घशानं नागोठण्याच्या बंदराच्या वाटेला लागली.